चौदा दिवसांची किंमत : केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या अध्यक्षांना खुले पत्र

मा. अध्यक्ष,
केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ,
नवी दिल्ली.

महोदय,

सादर नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका छोट्या पतसंस्थेचा सेक्रेटरी. मानद. मूळचा प्राथमिक शिक्षक. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी गावात सगळे गुरुजीच म्हणतात. जांबोटीच्या रस्त्याने जाताना आत वळलं की आमचं गाव. संस्थेची एक खोली, लोखंडी कपाट, दोन टेबलं, एक कॉम्प्युटर आणि पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीला धरणारी ओल, एवढाच पसारा. सभासद अकराशेच्या आसपास. कुणी भातशेती करतो, कुणी म्हशी पाळून डेअरीला दूध घालतो, काही मराठा लाइट इन्फंट्रीतून पेन्शनवर आलेले जवान, आणि काही बायका, ज्यांची पोरं गोव्यात कामाला आहेत. या बायका रोज वीस-तीस रुपये पिग्मीत टाकतात आणि मृगाच्या तोंडावर बी-खतासाठी ते काढतात.

पत्र मराठीत लिहितोय, कारण कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडताना देशात किंवा राज्यात वापरली जाणारी कोणतीही भाषा चालते, असं राज्यघटनेचं ३५० वं कलम सांगतं. आणि उघड लिहितोय, कारण बेळगाव, निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागातल्या माझ्यासारख्या आणखी सेक्रेटऱ्यांच्या टेबलावर अशीच फाईल पडलेली आहे. त्यांनीही हे वाचावं.

आधी आमची चूक सांगतो.

आर्थिक वर्ष २०२१-२२ चं, म्हणजे आपल्या भाषेत २०२२-२३ या करनिर्धारण वर्षाचं, आमचं रिटर्न भरायचं होतं. सहकार कायद्याने आमचं ऑडिट सक्तीचं, म्हणून मुदत ३१ ऑक्टोबर. त्या वर्षी ती आपणच ७ नोव्हेंबर २०२२ पर्यंत वाढवली होती. बरंच झालं, कारण ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर हे दोन दिवस बेळगावात काही काम होईल अशी आशा धरणं व्यर्थ. एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे आमचा काळा दिन, आणि मधे पोलिसांचे बॅरिकेड. मी शनिवारी, ५ नोव्हेंबरला सकाळच्या बसने बेळगाव गाठलं. टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि ऑडिट रिपोर्ट ठेवला. दुपारपर्यंत आयटीआर-५, म्हणजे आमच्यासारख्या संस्थांचा रिटर्नचा फॉर्म, भरून झाला. नफा नऊ लाख साठ हजार. सहकारी संस्थांसाठी असलेल्या कलम ८०-पी खाली वजावट नऊ लाख साठ हजार. करपात्र उत्पन्न शून्य. दरवर्षीसारखंच.

शेवटी ओटीपी आला. म्हणजे यायला हवा होता. रिटर्नच्या पडताळणीसाठी चेअरमनच्या आधारला जोडलेल्या मोबाईलवर तो जातो. मी चेअरमनना फोन लावला. सुगीचे दिवस, ते शेतात, भाताची कापणी चाललेली. पलीकडून वाऱ्याचा आवाज आणि मधेच तुटणारं बोलणं.

"आधारचा नंबर पोराचा हाय की गुरुजी. तो पुण्याला."

पोराला फोन लावला. त्याचं ते सिम वर्षापूर्वीच बंद झालेलं. समोर बसलेला ऑफिसातला मुलगा म्हणाला, "काळजी करू नका काका, व्हेरिफिकेशन नंतर करता येतं." त्याने पडद्यावरचं 'नंतर करा' दाबलं. पोचपावती छापून आली, पंधरा आकडी नंबर असलेली. मी ती घडी घालून पिशवीत ठेवली, येताना कुंदा घेतला आणि संध्याकाळच्या बसने गावी परतलो. माझ्या डोक्यात रिटर्न भरून झालं होतं.

पुढे चेअरमनच्या आधारला नवा नंबर जोडून घेणं, त्यासाठी त्यांना मळणी सोडून खानापूरला नेणं, नंबर अपडेट व्हायची वाट पाहणं, यात डिसेंबर उजाडला. १९ डिसेंबरला पडताळणी झाली. रिटर्न टाकल्यापासून चव्वेचाळीस दिवसांनी.

मला माहीत नसलेली गोष्ट अशी की १ ऑगस्ट २०२२ पासून आपण पडताळणीची मुदत १२० दिवसांवरून ३० दिवसांवर आणली होती. आणि ३० दिवस उलटले की ज्या दिवशी पडताळणी होईल तोच दिवस रिटर्न भरल्याचा दिवस धरला जातो. म्हणजे आमचं रिटर्न ५ नोव्हेंबरचं राहिलं नाही, १९ डिसेंबरचं झालं. हेच चव्वेचाळीस दिवस त्याच्या आदल्या वर्षी गेले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. आता चौदा दिवस जास्त झाले, आणि मुदतीत भरलेलं रिटर्न मुदतीबाहेरचं ठरलं.

चूक आमचीच. नियम माहीत करून घेणं माझं काम होतं. शाळेत तीस वर्षं पोरांना सांगितलं की परीक्षेच्या वेळापत्रकाखालच्या बारीक अक्षरातल्या सूचनाही वाचा, आणि मी मात्र पोचपावतीच्या खालच्या ओळी वाचल्या नाहीत. पडताळणी बाकी आहे, हे त्यावर छापलेलं होतं.

आता त्या चुकीची किंमत.

कलम ८०-एसी म्हणतं की ठराविक वजावटी हव्या असतील तर रिटर्न मूळ मुदतीच्या आत भरलेलं पाहिजे. मुदत गेली की वजावट गेली. अर्धी नाही, पाव नाही, सगळी. नऊ लाख साठ हजारांचा आमचा नफा अख्खा करपात्र झाला. सहकारी संस्थेला पहिल्या दहा हजारांवर १० टक्के, पुढच्या दहा हजारांवर २० टक्के आणि वीस हजारांच्या वर सरसकट ३० टक्के. हे टप्पे कधीचे आहेत ते आपल्यालाच ठाऊक; वीस हजार ही मोठी रक्कम असण्याच्या काळातले असावेत. हिशेब करून पाहा: एक हजार, अधिक दोन हजार, अधिक नऊ लाख चाळीस हजारांचे ३० टक्के म्हणजे दोन लाख ब्याऐंशी हजार. एकूण दोन लाख पंच्याऐंशी हजार. त्यावर ४ टक्के सेस. झाले दोन लाख शहाण्णव हजार चारशे. मग आगाऊ कर न भरल्याचं व्याज. आमच्या मते कर शून्यच होता, मग आगाऊ कुठून भरणार? मग उशिरा भरल्याचं व्याज आणि उशिराची पाच हजार रुपये फी. आकडा साडेतीन लाखांच्या पुढे गेला.

आमचं वसूल भागभांडवल चौदा लाख. आठ टक्के लाभांश वाटला तर एक लाख बारा हजार लागतात. म्हणजे चौदा दिवसांच्या उशिरापोटी सभासदांचा तीन वर्षांचा लाभांश गेला.

हा आकडाही आम्हाला लगेच कळला नाही. वजावट काढून टाकण्याआधी ३० दिवसांत उत्तर द्या, अशी सूचना आपल्या यंत्रणेने पाठवली होती. पाठवली होती ईमेलवर. तो ईमेल पत्ता आमच्या आधीच्या कन्सल्टंटचा. त्यांनी तीन वर्षांपूर्वीच काम सोडलेलं. त्यानंतर मे २०२३ मध्ये इंटिमेशन, म्हणजे वजावट काढून कर लावल्याचं पत्र, आली, तीही तिथेच. सप्टेंबरमध्ये पुढच्या वर्षाच्या रिटर्नसाठी पोर्टल उघडलं तेव्हा नव्या कन्सल्टंटने लाल अक्षरातली डिमांड दाखवली. तोवर अपिलाचे ३० दिवस कधीच उलटून गेले होते. उशीर झाला म्हणून वजावट गेली, आणि वजावट गेल्याचं उशिरा कळलं म्हणून अपीलही मुदतबाह्य. उशीर माफ करा, असा अर्ज करायलाही आम्हाला उशीरच झाला होता.

महोदय, आता मूळ मुद्द्याकडे येतो.

८०-पी ही सरकारने आमच्यावर केलेली मेहेरबानी आहे असं काही लोकांना वाटतं. आपल्या खात्यातही वाटत असेल. तसं नाही. पतसंस्थेत सभासदच ठेव ठेवतो आणि सभासदच कर्ज घेतो. एकाचं व्याज दुसऱ्याच्या खिशातून येतं. वर्षाअखेर जे उरतं त्याला आपण नफा म्हणतो, पण तो त्याच अकराशे माणसांनी एकमेकांकडून घेतलेल्या व्याजातला उरलेला भाग असतो. कणगिनहाळ हे गाव आमच्यापासून फार लांब नाही, गदगच्या बाजूला. १९०४ च्या कायद्यानंतर देशातली पहिली मानली जाणारी सहकारी पतसंस्था तिथे १९०५ साली निघाली. तेव्हा तो भाग धारवाड जिल्ह्यात, आमचा बेळगाव शेजारचा जिल्हा, आणि दोन्ही मुंबई इलाख्यात. सावकाराच्या वहीतून बाहेर पडायला शेतकऱ्यांनी काढलेली वाट आहे ती. कर कायद्याने ही वाट ओळखली, म्हणून ८०-पी आलं. केरळच्या माविलायी संस्थेच्या खटल्यात १२ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की हे कलम सहकाराला उत्तेजन देण्यासाठी आहे आणि त्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे. कर्नाटकात वेगळ्या सौहार्द कायद्याखाली नोंदलेल्या संस्था 'सहकारी संस्था' ठरतात की नाही, हाही वाद झाला. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो संस्थांच्या बाजूने सोडवला. (जिल्हा बँकेतल्या ठेवींवरच्या व्याजाचा वाद अजून भिजत पडलाय. त्यावर लिहायला बसलो तर हे पत्र संपणार नाही.)

म्हणजे वजावट आमचीच, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. मग ती एका ओटीपीवर जाते कशी?

जाते, कारण २०१८ च्या वित्त कायद्याने ८०-एसी चं जाळं रुंद केलं. त्याआधी हे कलम ८०-आयए, ८०-आयएबी, ८०-आयबी अशा वजावटींपुरतं होतं: रस्ते, वीज प्रकल्प, विशेष आर्थिक क्षेत्रं बांधणाऱ्या कंपन्या, औद्योगिक उपक्रम. त्यांच्याकडे टॅक्सचा वेगळा विभाग असतो, वकील असतात. त्यांना 'वेळेवर भरा, नाहीतर सवलत नाही' म्हणणं मला पटतं. २०१८-१९ च्या करनिर्धारण वर्षापासून मात्र त्या भागातल्या सगळ्याच वजावटी या अटीखाली आल्या. ज्या दोरीने वीज प्रकल्प बांधला होता त्याच दोरीने जांबोटी रस्त्याची पतसंस्था बांधली. जाता जाता सांगतो, पुस्तकाच्या मानधनावर लेखकाला मिळणारी ८०-क्यूक्यूबी ची वजावटही याच जाळ्यात आहे. म्हणजे कवीनेही मुदत चुकवली की त्याची सवलत गेली. कवी आणि पतसंस्थेचा सेक्रेटरी एका नियमात यावेत, याची मला गंमत वाटते. दोघांकडेही सीए नसतो.

मग २०२१ च्या वित्त कायद्याने मुदतीबाहेरच्या रिटर्नमधली ही वजावट प्राथमिक प्रक्रियेतच, कलम १४३(१) खाली, काढून टाकायची सोय केली. त्याआधी निदान एखादा अधिकारी कागद पाहायचा. आता कॉम्प्युटर दोन तारखा शेजारी ठेवतो आणि वजाबाकी करतो.

मला दुसरी बाजूही दिसते. २०१८ च्या आधी आमच्या भागातल्या कितीतरी संस्था रिटर्नच भरत नसत. 'आपल्याला टॅक्स नाही, मग रिटर्न कशाला?' हे वाक्य मी संचालक मंडळाच्या सभेत स्वतःच्या कानाने ऐकलंय. काही ठिकाणी तर प्रोसिडिंग बुकही वर्षानुवर्षं लिहिलेलं नसायचं. ८०-एसी आल्यावर लोक धावाधाव करून पॅन काढू लागले, हिशेब वेळेवर बंद करू लागले, ऑडिटरच्या मागे लागू लागले. शिस्त आली, हे खरं. ती नको असं मी म्हणत नाही. मी म्हणतोय की वर्गात पाच मिनिटं उशिरा आलेल्या पोराला आम्ही दाराबाहेर उभं करायचो, त्याचं वर्ष वाया घालवत नव्हतो.

उशीर नेहमी आमच्या हातचाही नसतो. निपाणीकडच्या एका संस्थेचे सेक्रेटरी माझे जुने मित्र. त्यांचं गणित वेगळं. त्यांचा ऑडिट रिपोर्टच डिसेंबरात हातात पडला. संस्था कर्नाटक सहकार कायद्याखालची, ऑडिट झाल्याशिवाय ताळेबंद खरा मानता येत नाही, आणि ताळेबंदाशिवाय रिटर्न कसं भरणार? ते ऑडिटरच्या ऑफिसात सहा चकरा मारून आले होते. प्रत्येक चकरेची नोंद आवक-जावक रजिस्टरात आहे. तरीही वजावट गेली.

त्यांच्यासारख्यांसाठी आपल्या मंडळाने २६ जुलै २०२३ ला परिपत्रक १३/२०२३ काढलं. २०१८-१९ ते २०२२-२३ या करनिर्धारण वर्षांसाठी, कलम ११९(२)(ब) खाली मुख्य आयुक्तांकडे अर्ज केला तर विलंब माफ होऊ शकतो. अडचण हाताबाहेरची होती का आणि ऑडिटमुळे उशीर झाला का हे पाहावं. अर्ज शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढावा. आणि म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय अर्ज फेटाळू नये. मग ३० ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रक १४/२०२४ ने २०२३-२४ चं वर्षही त्यात घेतलं. याबद्दल मी मनापासून आभार मानतो. माझ्या मित्राला त्याच परिपत्रकाने वजावट परत मिळाली. वेळ तीन महिन्यांपेक्षा जास्त लागला, पण मिळाली. मला ही सगळी माहिती त्याच्याच मुलीच्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत कळली. अशी परिपत्रकं पतसंस्थांपर्यंत पोचायचा आमच्याकडचा मार्ग हाच, लग्नं आणि बारसी.

मीही अर्ज केला. सुनावणी झाली. अधिकारी सभ्य होते, मला आधी बसायला सांगितलं, माझं हिंदी ऐकून घेतलं. आदेश दोन पानांचा, इंग्रजीत. त्याचा सारांश असा की पडताळणी करणं अर्जदाराच्या हातात होतं, त्यामुळे अडचण हाताबाहेरची होती असं म्हणता येत नाही. अर्ज नामंजूर. वाचून मला राग आला नाही. त्यांच्यासमोर जो प्रश्न होता त्याचं उत्तर तेच होतं. प्रश्नच चुकीचा होता. उशीर कोणामुळे झाला हे विचारलं, उशिराची किंमत केवढी असावी हे कुणीच विचारलं नाही. आणि ते विचारण्याची मुभा कायद्याने त्या अधिकाऱ्याला दिलेलीच नव्हती. त्यांच्या हातात फक्त दोन पर्याय होते, सगळं किंवा काहीच नाही.

गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत लाभांशाचा ठराव वाचायची वेळ आली तेव्हा मला तो वाचताच आला नाही, कारण ठरावच नव्हता. मागच्या रांगेतून एक आजी उठल्या. माझ्या आईच्या वयाच्या, रोज पिग्मी भरणाऱ्या. "गुरुजी, डिव्हिडंड का नाही ह्या खेपेला?" मी सांगू लागलो, रिटर्न, मुदत, पडताळणी, ओटीपी. त्या थांबवून म्हणाल्या, "ओटीपी म्हंजे काय, ते आधी सांगा." सभा हसली. मी समजावून सांगितलं की मोबाईलवर सहा आकडे येतात, ते तिथे टाकायचे असतात. "आणि ते सहा आकडे टाकले नाहीत म्हणून?" होय, मी म्हणालो. त्या खाली बसल्या. कुणी काही बोललं नाही. मी पुढचा विषय घेतला.

हे फक्त संस्थांपुरतं राहिलेलं नाही, म्हणून एक गोष्ट जोडतो. माझा एक विद्यार्थी शहापुरात राहतो, खासगी शाळेत शिकवतो, घरकर्जाचे हप्ते भरतो. त्याचं २०२४-२५ या करनिर्धारण वर्षाचं रिटर्न ३१ जुलैऐवजी ऑगस्टमध्ये गेलं. त्याला वाटलं, फार तर फी भरू. पण त्या वर्षापासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते, आणि जुनी हवी असेल तर पर्याय मुदतीच्या आतल्या रिटर्नमध्येच निवडावा लागतो. धंद्याचं उत्पन्न असेल तर वेगळा फॉर्म १०-आयईए भरून. मुदत गेली, जुनी प्रणाली गेली, आणि तिच्याबरोबर घरकर्जाचं व्याज, एलआयसी, पीएफ, मुलीच्या शाळेची फी, सगळ्या वजावटी गेल्या. वजावट देणारी कलमं अजून पुस्तकात आहेत. त्याच्या मात्र दारातूनच ती परत गेली.

आता एक बोचरं वाटेल असं लिहितो, माफ करा. मुदतीचं काटेकोरपण आमच्यासाठी आहे, आपल्यासाठी नाही. २०२५-२६ च्या रिटर्नचे फॉर्म बदलले, ते तयार व्हायला वेळ लागला, म्हणून आपण मेमध्येच मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर नेली. १५ सप्टेंबरच्या रात्री आणखी एक दिवस वाढवला. ऑडिटवाल्यांची ३१ ऑक्टोबरची मुदत १० डिसेंबर झाली. योग्यच केलंत. यंत्रणा तयार नसेल तर माणसांना वेळ द्यायलाच हवा. पण चाळीस दिवस आपण आपल्याला देऊ शकता, तर आम्हाला चौदा दिवसांसाठी तीन लाख का?

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा लागू, कलमांचे नंबरही बदलले. नव्या कायद्यात घर झाडताना ही एक गोष्ट दुरुस्त करता येईल. मुदतीनंतर पण त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत रिटर्न भरणाऱ्या सहकारी संस्थेची वजावट पूर्ण काढून घेऊ नका. दंड घ्या, दर आठवड्याला वाढणारी फी घ्या, हवं तर वजावटीतले पाच-दहा टक्के कापा. आम्ही भरू, आणि पुढच्या वर्षी उशीर करणार नाही. ते जमत नसेल, कायदा बदलायला संसद लागते हे मलाही कळतं, तर निदान विलंब माफीचं परिपत्रक दर वर्षी नव्याने काढायच्या ऐवजी कायमचं करा, आणि त्यात अधिकाऱ्याला उशिराचं कारण पाहण्याबरोबर उशिराचं प्रमाण पाहण्याचीही मुभा द्या. पडताळणी उशिरा झाली तरी, रिटर्न मुदतीत टाकलेलं असेल, तर वजावटीपुरती ती टाकल्याची तारीखच धरा. आकडे त्या दिवशी आपल्याकडे पोचलेलेच असतात. पडताळणी करताना ते बदलता येत नाहीत.

आणि एक विनंती, जिच्यासाठी कायदा बदलावा लागणार नाही. वजावट काढणारी सूचना फक्त ईमेलवर पाठवू नका. आमच्यासारख्या संस्थांचे चेअरमन दर पाच वर्षांनी निवडणुकीत बदलतात, सेक्रेटरी बदलतात, कन्सल्टंट त्याहून लवकर बदलतात. पोर्टलवर मात्र कुणीतरी एकदा टाकलेला पत्ता तसाच राहतो. संस्थेचा पोस्टाचा पत्ता बदलत नाही. आमच्या गावात पोस्टमन अजून येतो. स्पीड पोस्टाने एक कागद पाठवलात, कन्नडमध्ये आणि मराठीत दोन ओळी लिहून की 'तुमची वजावट रद्द होणार आहे, तीस दिवसांत उत्तर द्या', तर त्या दिवशी आम्ही सगळं सोडून बेळगावला धावत जाऊ.

आम्ही आमच्या बाजूने काय केलं तेही सांगतो. संचालक मंडळात ठराव झाला: संस्थेच्या नावाने एक मोबाईल, त्याचं सिम संस्थेच्या कपाटात, चेअरमन बदलला की आठ दिवसांत पोर्टलवरची नोंद बदलायची, रिटर्न भरल्याच्या दिवशीच पडताळणी झाली का, हे सेक्रेटरीने पोचपावतीवर सहीनिशी लिहायचं. गेल्या वर्षीचं रिटर्न आम्ही मुदतीच्या बारा दिवस आधी भरलं आणि त्याच संध्याकाळी चेअरमनना शेतातून बोलावून ओटीपी टाकून घेतला. ते पाय धुवून आले, बसले, चष्मा लावून एकेक आकडा मोठ्याने वाचला. मी टाकत गेलो.

जुन्या डिमांडचे पैसे आम्ही हप्त्याने भरतोय. पावत्या त्याच लोखंडी कपाटात, त्या पोचपावतीच्या शेजारी आहेत. आपल्यापैकी कुणाला पाहायच्या असतील तर संस्था सकाळी दहा ते पाच उघडी असते.

या पत्राला उत्तर देणार असाल तर मराठीत द्या, कन्नडमध्ये द्या, इंग्रजीतही चालेल, नातवाकडून वाचून घेईन. फक्त पोस्टाने पाठवा.

आपला नम्र,
एका पतसंस्थेचा मानद सेक्रेटरी,
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव